सातव्या स्लाइडीतलं ‘वी’

“विज्ञानात ‘मी’ नसतो,” वर्तक सर म्हणाले आणि फळ्यावरचं ‘आय’ त्यांनी तळहातानेच पुसून टाकलं. “‘आय डग द पिट’ हे गड्याचं वाक्य झालं. शास्त्रज्ञ काय म्हणतो? वी. वी डग द पिट.”

सुदाम पालशेतकर टेबलामागे उभा होता. त्याला हे पटलेलं नव्हतं. पटलं नाही की तो कानाची पाळी ओढतो.

“पण सर, खड्डा तर आपणच खणला ना?”

“मग मी तेच सांगतोय! आपणच खणला. म्हणजे वी.”

“आपणच म्हणजे वी?”

“अर्थात.”

“मग हरकत नाय,” सुदाम म्हणाला आणि त्याने कान सोडला.

मी खिडकीशी बसून मऊ फडक्याने स्लाइडी पुसत होते. मला हसू आवरेना. सुदामच्या गावाकडे माणूस ‘आपण’ म्हणतो तो स्वतःलाच. ‘आपण चहा सोडला’ म्हणजे त्याने एकट्याने सोडला. ‘आपण नाय कुणाला घाबरत’ म्हणजे बाकीचे घाबरत असतील, हा नाही. सर मिरजेचे. त्यांच्या कानाला ‘आपण’ म्हणजे बोलणारा, ऐकणारा आणि मध्ये जो सापडेल तो. सरांनी त्या खड्ड्यात कधी पाय ठेवला नव्हता, पण ‘आपण’ म्हटल्याबरोबर तेही आत उतरले. दोघांनी एकच शब्द उच्चारला, दोघांचंही समाधान झालं, आणि त्या दिवशी सुदामच्या भाषणातल्या झाडून सगळ्या ‘आय’चं ‘वी’ झालं.

आमचं कॉलेज कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. सुदाम आणि मी, हेमांगी तिवरेकर, दोघंही सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय होता देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण गांडूळ नव्हे, बेडकाच्या भाऊबंदांपैकी. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, आणि जन्म सगळा मातीत. सुदामच्या घरच्या पोफळीच्या बागेत, कांदळी गावात, आम्हाला जे देवगांडूळ सापडलं होतं ते पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनात बसत नव्हतं. आमच्या मते ते नवं होतं. त्याला अजून कुणी नाव दिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट सुदामला फार लागली होती.

“आमच्या कुत्र्याला नाव हाय, रेड्याला हाय, बागेतल्या दगडाला पण हाय,” तो म्हणायचा. “ह्यालाच नाय. हे काय बरोबर नाय.”

नाव द्यायला अडचण एकच होती, आणि ती लंडनला एका बरणीत बसली होती. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा साहेबाने कोकणातून एक देवगांडूळ नेलं होतं. ते तिथल्या संग्रहालयात स्पिरिटमध्ये ठेवलेलं होतं. आमचं त्याच जातीचं असेल तर नवं काहीच नाही, सगळे कष्ट मातीत. वेगळं असेल तर नाव. फरक ओळखायची खूण डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या एका बारीक भोकाची. आमच्या प्राण्याचं भोक डोळ्याला लागून होतं. बरणीतल्याचं कुठे आहे हे त्या साहेबाने लिहूनच ठेवलं नव्हतं. सरांनी पत्र पाठवलं, तर उत्तर आलं: नमुना एकच आहे, जुना आहे, टपालाने पाठवता येत नाही, येऊन पाहावा. फोटो मागवला, तर फोटोत त्याने तोंड वेटोळ्यात घातलेलं. येऊन पाहावा म्हणे! पुण्याला जायचं तरी आम्ही महिनाभर आधी ठरवत असू.

अशात ती स्पर्धा जाहीर झाली. एका शास्त्रीय मंडळाने विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती. आपल्या संशोधनावर इंग्रजीतून भाषण करायचं, आणि जो पहिला येईल त्याला लंडनच्या परिषदेला पाठवायचं. विमान, राहणं, खाणं सगळं मंडळाचं. परिषदेत कुणाला रस होता? आम्हाला बरणी दिसत होती.

भाषण एकानेच करायचं होतं. सरांनी ठरवलं, प्राणी सुदामच्या बागेतला, तेव्हा भाषण सुदामचं, आणि स्लाइडी हेमांगी फिरवील. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं होतं. पण सुदामला ती बरणी किती बघायची आहे हे मला माहीत होतं, आणि सरांच्या शब्दापुढे तेव्हा कुणी बोलत नसे. मी त्याचं भाषण लिहून दिलं, उच्चार घोटून घेतले. ‘स्पेसिमेन’ म्हणताना त्याची जीभ घसरायची, तिथे त्याला ‘ॲनिमल’ दिलं. पंधरवड्यात त्याला ते पाठ झालं.

पुण्याच्या त्या हॉलला मखमली पडदे होते. सुदामने दाराशी चपला काढल्या, आणि मी बघितल्यावर पुन्हा घातल्या. आमच्या आधी आशुतोष दाते नावाचा एक उंच मुलगा बोलला. टाय, कोट, आणि इंग्रजी असं की जन्मल्यावर पहिलं रडला असेल तेही इंग्रजीतूनच. त्याचा विषय चतुराच्या अळ्या. त्याच्या सरांनी त्याला आमच्या सरांचा नियम शिकवलेला नव्हता. आय फाउंड, आय मेजर्ड, आय थिंक, आय बिलीव्ह.

सुदाम माझ्या कानाशी वाकला. “ह्याला सारखी आय आठवतेय. लहानपणी सोडून गेली काय?”

मला तोंडावर रुमाल धरावा लागला.

मग सुदामचं नाव पुकारलं. मी हॉलच्या मध्यावर प्रोजेक्टरपाशी जाऊन बसले. वर गोल तबकडी, तीत आमच्या आठ स्लाइडी, आणि हातात दोन बटणं. पुढचं बटण दाबलं की टक्, मागचं दाबलं की टक्. अंधार झाला आणि सुदाम बोलायला लागला.

तो चांगला बोलला. इतका चांगला बोलेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या स्लाइडीवर बाग आली, तिसऱ्यावर खड्डा, चौथ्यावर पहिलं देवगांडूळ. पाचव्या स्लाइडीत मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती, सहावीत मी काढलेलं तोंडाचं चित्र होतं. सातवी आली आणि हॉलमध्ये हालचाल झाली. बिळात पाणी शिरलं की मादी अंड्यांचा घोस अंगावर घेऊन वर उचलून धरते, हे त्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. परीक्षकांच्या रांगेत माना डोलल्या. सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांची पाठ नुसती मागून बघूनसुद्धा ते खूश आहेत हे कळत होतं. आठवी स्लाइड आभारांची. टाळ्या पडल्या. मी मनातल्या मनात सुदामला विमानात बसवलं.

परीक्षकांत मधल्या खुर्चीवर ओगले मॅडम होत्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा. त्यांच्या प्रश्नाला घाबरून लोक विषय बदलतात, असं सर म्हणत. त्यांनी माइक जवळ ओढला.

“मिस्टर पालशेतकर, हू इज वी?”

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. सुदामचा हात कानाकडे गेला.

“वी इज…” तो म्हणाला आणि थांबला. “वी आर…”

“मराठीतून सांगा. इथे सगळ्यांना कळतं. हे बक्षीस एकाला आहे, आणि त्याने स्वतः केलेल्या कामाला आहे. तुमच्या भाषणात ‘आय’ एकदाही आलं नाही, नुसतं वी, वी, वी. मला इंग्रजीतून पत्ता लागत नाही म्हणून विचारते. हे ‘वी’ म्हणजे मी, की आम्ही, की आपण?”

उत्तर सोपं होतं. मॅडम, ही शास्त्रात बोलायची पद्धत आहे, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. ते खोटंही नव्हतं. सर पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात सांगतसुद्धा होते, “पद्धत! पद्धत म्हण!”

“मॅडम,” सुदाम म्हणाला, “ते सगळीकडे एक नाय. स्लाइडीस्लाइडीला वेगळं हाय.”

“मग स्लाइडीस्लाइडीने सांगा.”

“हेमांगी,” त्याने अंधारात माझ्याकडे बघितलं, “मागे घे. दुसरीवर.”

टक्, टक्, टक्. दर टकीला मला वाटत होतं की आता याला अक्कल येईल. दुसरी स्लाइड आली.

“ही बाग. ‘वी हॅव ॲन ऑर्चर्ड’. ह्यातलं ‘वी’ म्हणजे आमच्या घरचे. बाग आमची हाय.” मागे कुणीतरी हसलं. “पुढे घे. हा खड्डा. ‘वी डग’ म्हणजे आपण.”

“आपण म्हणजे सगळे?”

“नाय. आपण म्हणजे आपण.” त्याने छातीवर हात ठेवला. “मी.”

पहिल्या रांगेत सरांची मान सावकाश वर आली. फळा पुसला तेव्हापासूनचा हिशेब त्यांना तेव्हा लागला असणार.

“पुढे. हा पहिला सापडलेला. ‘वी फाउंड’. बाबा त्याला कुदळीने मारणारच होते, मी त्यांचा हात धरला. म्हणजे सापडला तो बाबांना, वाचवला मी. हे ‘वी’ अर्धं-अर्धं. पुढे. ही मादी आणि अंडी. इथं आम्ही. मी आणि हेमांगी, पाळ्या लावून बसायचो. पुढे. हे तोंडाचं चित्र, ‘वी ड्रू’. हे तिचं. आपल्याला साधा आंबा काढता येत नाय.”

आता सातवी. सातव्या स्लाइडीचं काय होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. मी बटण दाबायच्या आधी तबकडी एका बोटाने जराशी उचलून धरली. स्लाइड अर्धवट पडून अडकली. पडद्यावर नुसता पांढरा उजेड.

“अडकली!” मी मोठ्याने म्हणाले. “प्रोजेक्टर तापलाय. थांबायला लागेल.”

“अडकू दे,” सुदाम म्हणाला. “मला पाठ हाय.”

आणि कोऱ्या पडद्याकडे हात करून त्याने सांगून टाकलं.

“मॅडम, इथं पाणी शिरल्यावर ती अंडी उचलते. सगळ्या कामातली मोठी गोष्ट हीच. तुम्ही माना डोलावल्या त्या इथंच. तर ह्यातलं ‘वी’ म्हणजे हेमांगी एकटी. पाऊस कोसळत होता, ती खड्ड्यावर प्लास्टिक धरून पालथी पडली होती, तिनेच बघितलं, तिनेच फोटो काढला. मी तेव्हा घरी जेवत होतो.”

“काय होतं जेवायला?” ओगले मॅडमनी विचारलं.

“पेज. आणि भाजलेला सुका बांगडा.”

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“आणि तुमचे वर्तक सर? ते कुठल्या ‘वी’त?”

सुदामने सरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. विचारलं आहे तर नीट सांगावं, एवढंच.

“सर आठव्या स्लाइडीत हायत, मॅडम. आभारांच्या.”

यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला हशा म्हणणं कमी पडेल. फक्त सर आणि मी हसलो नाही. मी तबकडीवरचं बोट काढलं, आणि सातवी स्लाइड उगाचच, कुणाला नको असताना, टक् करून खाली पडली.

आता मी स्वतः अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. पोरं भराभरा बोलतात, रंगीत बाण पडद्यावर उडत येतात. मी कधीकधी ओगले मॅडमचा प्रश्न विचारून बघते. सगळे म्हणतात, पद्धत आहे, मॅडम. त्यांचं काही चुकत नाही.

निकाल सांगायला ओगले मॅडमच उठल्या. “पालशेतकरांनी मांडलेलं काम आज सगळ्यांत चांगलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण ते पालशेतकरांचं नाही, असं त्यांनी स्वतःच आम्हाला पटवून दिलं. आणि जिचं आहे तिने भाषण केलेलं नाही. नियमात दोघंही बसत नाहीत. मला याचं वाईट वाटतं.” मग त्यांनी आशुतोष दातेचं नाव घेतलं.

कॅन्टीनमध्ये सुदामने मिसळ मागवली. मी समोर बसले आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

“तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं? ‘पद्धत आहे’ म्हणून गप्प राहायचं होतं! एक वाक्य! गेली ना बरणी?”

“तिने विचारलं ना पण.”

“विचारलं म्हणून काय सगळं सांगायचं? बांगडासुद्धा?”

“बांगडा तिने वेगळा विचारला.”

त्याला काही त्याग करायचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. लोक ही गोष्ट ऐकली की त्यात भलतंच शोधतात. तसलं काही नव्हतं आणि पुढेही झालं नाही. प्रश्न आला, त्याने उत्तर दिलं. मला त्याचा संताप आला होता, आणि त्या संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला सांगितली नाही. भरल्या हॉलमध्ये कुणीतरी माझं काम माझं आहे असं म्हटलं होतं. तोवर ते कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला बरं वाटत होतं, आणि बरणी गेली म्हणून रडूही येत होतं.

“बसू का?” कुणीतरी विचारलं. टाय सैल केलेला आशुतोष दाते चहाचा कप घेऊन उभा होता. “मी आशुतोष.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “आत्ताच टाळ्या वाजवल्या.”

तो तरीही बसला. कप फिरवत राहिला. “तुम्ही भाषणात म्हणालात, की तुलना करायची राहिली आहे. लंडनच्या नमुन्याशी. तर त्यात नेमकं काय बघायचं असतं?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मी तिथे आठवडाभर असेन. परिषदेत सगळ्या भाषणांना कोण बसतं?”

मी काही बोलायच्या आत सुदामने पाव खाली ठेवला, बोट पुसलं आणि स्वतःच्या तोंडावर टेकवलं. “हे बघ. हा डोळा. ही नाकपुडी. मध्ये टाचणीने टोचल्यासारखं भोक. आपलं भोक इथं, डोळ्याला चिकटून. बरणीतल्याचं पण इथंच असलं, तर तो आणि हा एकच, खेळ खलास. पण बरणीतल्याचं इथं असलं,” त्याने बोट नाकपुडीवर आणलं, “तर आपला वेगळा. कर बघू.”

आशुतोषने डोळ्याखाली बोट ठेवलं.

“हे एकच. आता वेगळा कर.”

त्याने बोट नाकाशी नेलं. दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसून नाकाडोळ्याला बोटं लावताहेत, हे बघायला कॅन्टीनचा मालक गल्ला सोडून आला. माझा त्या टायवाल्यावर काडीचा विश्वास बसला नाही. एवढ्या लांब गेलेला माणूस राजवाडे बघेल की आमचं गांडूळ?

परतीच्या एस.टी.त सर आमच्या पुढच्या बाकावर होते. कुंभार्ली घाट उतरल्यावर ते मान न वळवता म्हणाले, “आठव्या स्लाइडीत काय?”

“हो सर.”

“आभारांच्या.”

“हो सर.”

“गाढवा, ‘वी’ म्हणायला शिकवलं ते माणसाने मिरवू नये म्हणून. तू तर सगळ्यांना ज्याच्या त्याच्या नावाने मिरवून आलास. पेजेलासुद्धा.” एवढं बोलून त्यांनी मफलर डोक्यावर ओढला आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

हिवाळा गेला, मार्चमध्ये परिषद झाली. आशुतोषचं काही कळलं नाही. सुदाम रोज विभागातल्या टपालाच्या खणात डोकावायचा आणि मी बघितलं की खिडकीबाहेर बघायचा. मेच्या सुरुवातीला चार ओळींचं कार्ड आलं. अमक्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने कांदळीला येतो, आंबे असतील ना? बरणीबद्दल चकार शब्द नाही. मी म्हणाले, डोळ्याजवळच निघालं असणार. चांगली बातमी माणूस कार्डावर लिहितो, वाईट सांगायला स्वतः येतो. सुदामने कान ओढला.

त्या दिवशी सरही कांदळीला आले. त्यांचा पाय त्या बागेत पहिल्यांदाच पडत होता. चिखल नव्हता तरी त्यांनी धोतर पोटरीपर्यंत वर घेतलं, आणि खड्डा कुठला ते विचारून त्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले.

कांदळीला एस.टी. गावात येत नाही, ओढ्यापलीकडे सडकेवर थांबते. मग साकवावरून चालत यायचं. आम्ही अलीकडे उभे होतो. गाडी आली, थांबली, धूळ उडवून गेली. धुळीतून आशुतोष दिसला, खांद्याला पिशवी. त्याने आम्हाला बघितलं आणि तिथूनच हात वर करून बोट तोंडाला लावलं.

“कुठं लावलंय?” सुदामने माझं मनगट धरलं. “डोळा की नाक? मला दिसत नाय!”

मलाही दिसत नव्हतं. उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती, आणि त्याचा तळहात अर्ध्या तोंडावर होता. “डोळा वाटतोय,” मी म्हणाले.

“नाक!” सर मागून म्हणाले.

“सर, तुम्हाला चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही.”

“नीट दाखव रे!” सुदाम ओढ्यापलीकडे ओरडला.

आशुतोषने पिशवी खाली ठेवली. दोन पावलं पुढे आला. आणि लंडनला जाऊन आलेल्या त्या माणसाने भर सडकेवर आपलं अख्खं नाक चिमटीत धरलं आणि सोडेचना.

सुदाम ओरडला नाही, नाचला नाही. तो साकवाच्या टोकाशी मटकन खाली बसला आणि त्याने जमिनीवर थाप मारली. गाभण म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, हलकेच. “मिळालं रे बाबा तुला नाव,” तो म्हणाला. मग मनगटाने डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

दुपारी पडवीत पानं मांडली. सुदामची आई तांदळाच्या भाकरी करत होती, सुदाम वाढत होता. आशुतोषने परिषदेचे दोन दिवस बुडवून बरणीपाशी घालवले होते. पहिल्या दिवशी संग्रहालयवाल्यांनी त्याला आतही सोडलं नव्हतं. कार्डावर हे का लिहिलं नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, “सुदामने बोटाने दाखवायला शिकवलं होतं. लिहायला नाही.”

मी शोधनिबंधाचा मसुदा बरोबर आणला होता. बरणीच्या ओळीची जागा तेवढी कोरी ठेवली होती. पहिल्या पानावर रिवाजाप्रमाणे सरांचं नाव वर होतं. सरांनी जेवता जेवता डाव्या हाताने माझं पेन मागून घेतलं आणि ते नाव खोडलं.

“सर, हे काय?”

“मला आठव्या स्लाइडीतच राहू दे. तिथे बरं आहे.” त्यांनी आमटीचा भुरका मारला. “इथे या दातेचं नाव घाला.”

“नाही, नाही!” आशुतोष उठायलाच लागला. “मी काहीच केलं नाही. मी नुसतं बघितलं.”

“मग तिने तरी काय केलं?” सुदाम माझ्याकडे बोट करून म्हणाला. “तिनेही नुसतं बघितलं. सगळे जेवत असताना.”

आशुतोष पुन्हा खाली बसला. मी नावं लिहिली, पालशेतकर, तिवरेकर, दाते, आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. ‘वी डिस्क्राइब अ न्यू स्पीशीज’. सवयीने मान वर केली.

“सुदाम, हे ‘वी’ म्हणजे कोण? मी, आम्ही, की आपण?”

सुदाम भाकरीची टोपली घेऊन उभा होता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग पोफळीच्या खालच्या त्या ओल्या मातीकडे. कानाला हात लावला नाही.

“आपण,” तो म्हणाला, आणि या खेपेला त्याने छातीवर हात ठेवला नाही. आशुतोषच्या पानात त्याने आणखी एक भाकरी वाढली.